1938 ची पावती आहे, म्हणून चित्र लुटीचं नाही असं म्हणता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही म्युनिकजवळ राहता. एका छोट्या लिलावात एकोणिसाव्या शतकातलं जर्मन निसर्गचित्र तुम्हाला आवडलंय. त्याच्या माहितीत 'बर्लिनमधील खासगी संग्रह. लिलाव, म्युनिक, 1938' अशी एक ओळ आहे. विकणारा म्हणतो की तेव्हाची पावती आहे, म्हणजे चित्र रीतसर विकलं गेलं, नाझींनी उचलून नेलेलं नाही. हे मानायचं का, आणि ज्यू कुटुंबांच्या खासगी संग्रहांचं त्या काळात नेमकं झालं तरी काय, असं तुम्ही विचारलंय.

मी चित्रांचा मालकी-इतिहास शोधायचं काम करते, धंद्यात त्याला प्रोव्हेनन्स म्हणतात. कधी संग्रहालयासाठी, कधी लिलावगृहासाठी, कधी वारसदारांच्या वकिलासाठी. तुमचं चित्र मी पाहिलेलं नाही, त्यामुळे ते स्वच्छ आहे की नाही हे सांगणार नाही, आणि नुसत्या फोटोवरून सांगणाऱ्यावर तुम्हीही विसंबू नका. विकणाऱ्याच्या युक्तिवादाबद्दल मात्र ठामपणे सांगते की तो उलटा आहे. 1938 साल, जर्मनी, विक्री आणि मालकाचं नाव गायब, एवढं एका ओळीत दिसलं की आमच्यातला कोणीही आधी चित्र पालथं घालून मागची बाजू बघायला घेतो.

लूट म्हटलं की गणवेशातली माणसं दार फोडून आत शिरतायत, असंच डोळ्यांसमोर येतं. फ्रान्समध्ये तसं झालंही, त्याकडे पुढे येते. पण जर्मनीत आणि ऑस्ट्रियात ज्यूंच्या घरातली चित्रं बाहेर पडली ती बहुतेक कागदोपत्री. अर्ज, मूल्यांकन, कर भरल्याचा दाखला, लिलावाचं बिल. यातला एकही कागद खोटा नसतो, आणि खरी अडचण तीच आहे.

एखाद्या सुखवस्तू कुटुंबाच्या जागी जाऊन बघा. 1933 नंतर वकिली, डॉक्टरकी, सरकारी नोकरी एकेक करून बंद झाली. देश सोडायचा तर 'पलायन कर' होता. गंमत म्हणजे हा कर नाझींनी आणलेलाच नव्हता. 1931 च्या डिसेंबरात, पैसा देशाबाहेर जाऊ नये म्हणून आधीच्या सरकारने तो लावला होता. मालमत्तेच्या 25 टक्के. सुरुवातीला तो 2 लाख मार्कांच्या वरच्या मालमत्तेला होता. नाझींनी 1934 मध्ये ही मर्यादा 50 हजारांवर आणली, आणि श्रीमंतांसाठीचा कर मध्यमवर्गीय ज्यूंच्या गळ्यात पडला. 26 एप्रिल 1938 च्या हुकमाने 5 हजार मार्कांहून जास्त मालमत्ता असलेल्या प्रत्येक ज्यूला तिची यादी सरकारला देणं भाग पडलं. त्या यादीत चित्रं, गालिचे, चांदी सगळं आलं. कोणाकडे काय आहे हे शोधायची गरजच उरली नाही, मालकांनी स्वतः लिहून दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात देशभर सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, दुकानं फोडली गेली, आणि 'प्रायश्चित्त' म्हणून ज्यूंवरच 1 अब्ज मार्कांचा दंड बसला. प्रत्येकाच्या वाट्याला मालमत्तेच्या आधी 20, मग 25 टक्के.

एवढं सगळं भरून उरलेला पैसा गोठवलेल्या खात्यात जायचा. त्यातून महिन्याला ठरावीक रक्कम मिळे. परदेशी नेण्यासाठी तो बदलून घ्यायचा तर 1939 पर्यंत शंभरातले जेमतेम चार हाती लागत. मग लोक चित्रं विकायला काढणार नाहीत तर काय करणार? आणि एकाच वेळी हजारो घरं विकायला बसली की भाव पडणारच. घेणाऱ्याला पावती मिळायची, देणाऱ्याला खात्यावर एक आकडा दिसायचा.

आपल्याकडे सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद असते, पण अंगठा कोणत्या परिस्थितीत उठला ते सातबारा सांगत नाही. 1938 ची पावती तशीच वाचायची.

एक प्रकरण जवळून बघू, कारण पैशाचा मुद्दा त्यात लख्ख दिसतो. कामीय पिसारोने 1897 मध्ये पॅरिसच्या र्यू सेंत-ओनोरे या रस्त्याचं पावसातल्या दुपारचं चित्र काढलं. बर्लिनच्या कासिरर कुटुंबाने ते 1900 मध्ये विकत घेतलं आणि पुढे ते लिली कासिरर यांच्याकडे आलं. 1939 मध्ये त्यांना म्युनिकमधून बाहेर पडायचं होतं. मूल्यांकनासाठी नेमलेल्या कलाव्यापाऱ्याने चित्र देशाबाहेर नेऊ द्यायला नकार दिला आणि स्वतःच त्याची किंमत देऊ केली: 900 मार्क. तेही गोठवलेल्या खात्यात. त्या पैशाला लिलीबाई हात लावू शकणार नव्हत्या, हे दोघांनाही ठाऊक होतं. पुढे त्या व्यापाऱ्याने ते दुसऱ्या एका संग्राहकाला दिलं. तोही ज्यू, तोही पळण्याच्या बेतात. त्याच्याकडून गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, जप्त केलं आणि 1943 मध्ये बर्लिनमध्ये ते लिलावात निघालं. युद्धानंतर अमेरिकेत हात बदलत बदलत 1976 मध्ये ते बॅरन थायसेन-बोर्नेमिसा या संग्राहकाने न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं. 1993 मध्ये स्पेनने त्यांचा संग्रह विकत घेतला, आणि ते आता माद्रिदच्या संग्रहालयात आहे.

या चित्राच्या मागच्या बाजूला बर्लिनच्या गॅलरीच्या लेबलाचा फाटका तुकडा शिल्लक होता. कासिररांच्या वारसांनी संग्रहालयावर लावलेल्या दाव्यात 2019 मध्ये अमेरिकन न्यायाधीशाने त्यावर बोट ठेवलं: चित्र एके काळी बर्लिनमध्ये होतं हे लेबलावरून कळत होतं, ते तिथून राजीखुशीने निघालं असं सांगणारा कागद एकही नव्हता, बाकीची लेबलं काढून टाकलेली होती. जाणत्या खरेदीदाराने विचारायला हवं होतं. एवढं म्हणूनही त्यांनी निकाल दिला तो संग्रहालयाच्या बाजूने, कारण स्पेनच्या कायद्यात ठरावीक वर्षं ताबा राहिला की मालकी मिळते. 2022 मध्ये हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, खाली आलं, जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संग्रहालय जिंकलं. मग त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने अशा दाव्यांसाठी वेगळा कायदा केला आणि मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीचा निकाल रद्द करून फेरविचाराला पाठवलं. ज्या विक्रीला लूट म्हणायला कोणाचीच हरकत नाही, तिची ही गत. बाकीच्यांचं काय होत असेल ते बघा.

मग आम्ही ठरवतो कसं? कसोटी जुनी आहे आणि मला अजूनही तीच सर्वांत सरळ वाटते. अमेरिकन लष्करी प्रशासनाने आपल्या ताब्यातल्या जर्मनीसाठी नोव्हेंबर 1947 मध्ये कायदा क्रमांक 59 काढला. आज जर्मन संग्रहालयं जी मार्गदर्शिका वापरतात तिच्यातलं तर्कशास्त्र बरंचसं तिथून आलंय. गृहीतक असं की 30 जानेवारी 1933 नंतर, म्हणजे हिटलर चॅन्सलर झाला त्या दिवसापासून, छळ होत असलेल्या माणसाने काही विकलं असेल तर ते दबावाखाली विकलं. हे खोडून काढायचं तर दोन गोष्टी दाखवायच्या: किंमत रास्त होती, आणि तो पैसा विकणाऱ्याला मनासारखा वापरता आला. विक्री 15 सप्टेंबर 1935 नंतरची, म्हणजे न्यूरेंबर्ग कायद्यांनंतरची असेल, तर तिसरीही गोष्ट लागते: नाझी सत्ता नसती तरी हा व्यवहार झालाच असता, किंवा घेणाऱ्याने विकणाऱ्याचं हित खास जपलं. पुराव्याचं ओझं कोणावर ते बघा. वारसाने 'आजीवर दबाव होता' हे सिद्ध करत बसायचं नाही.

लोक किमतीपाशी अडकतात. भाव बरा मिळाला होता ना, मग झालं, असं म्हणतात. मी किमतीपेक्षा पैशाचा पुढचा प्रवास आधी शोधते, कारण किंमत कागदावर बरी दिसू शकते. माक्स श्टर्न यांचंच बघा. डुसेलडॉर्फमधली वडिलांची गॅलरी ते चालवत. 1935 मध्ये नाझी सरकारच्या राइख कलामंडळाने ज्यू म्हणून त्यांना धंदा गुंडाळायला सांगितलं. 13 नोव्हेंबर 1937 रोजी कोलोनमध्ये लेम्पर्त्स या नामांकित लिलावगृहात त्यांची दोनशेहून जास्त चित्रं निघाली. छापील कॅटलॉग, जाहीर बोली, सगळं कसं रीतसर. आलेले पैसे श्टर्नना मिळाले नाहीत. ते इंग्लंडमार्गे कॅनडात गेले, माँट्रियलमध्ये मोठे कलाव्यापारी झाले. 2008 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने अशा लिलावाला जप्तीसारखंच मानलं आणि विंटरहाल्टरचं एक चित्र त्यांच्या वारसदार संस्थेकडे आलं.

सहीचंही तसंच. व्हिएन्नातले फ्रित्स ग्र्युनबाउम हे कॅबरेतले गाजलेले विनोदी नट. त्यांच्या संग्रहात चारशेहून जास्त कलाकृती होत्या, त्यांतल्या ऐंशीच्या आसपास एकट्या एगॉन शीले या चित्रकाराच्या. ऑस्ट्रिया गिळंकृत झाल्यावर त्यांना पकडून डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. तिथे 16 जुलै 1938 रोजी त्यांनी पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र केलं. चारच दिवसांत तज्ज्ञाने घरातल्या संग्रहाची यादी केली. जानेवारी 1941 मध्ये ते डाखाऊतच गेले. पत्नी लिली यांना 1942 मध्ये मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला नेऊन मारण्यात आलं. 1956 मध्ये बर्नच्या एका व्यापाऱ्याकडे शीलेची चित्रं विकायला आली आणि तिथून न्यूयॉर्कला गेली.

आता कागदांच्या एकाच गठ्ठ्यावर काय निकाल लागले ते ऐका. न्यूयॉर्कमधल्या संघीय न्यायालयाने 2011 मध्ये एका रेखाटनाबाबत म्हटलं, वारसांनी फार उशीर केला, रेखाटन सध्याच्या मालकाकडेच राहू दे. त्याच शहरातल्या राज्य न्यायालयाने 2018 मध्ये दुसऱ्या दोन चित्रांबाबत म्हटलं, छळछावणीतल्या माणसाच्या सहीने मालकी बदलत नाही, चित्रं वारसांना द्या. 2019 मध्ये अपिलातही तेच टिकलं, आणि 2023 मध्ये मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी हात घातल्यावर संग्रहालयांनी आणि संग्राहकांनी सात शीले परत केले. म्हणून 'कायदा काय म्हणतो' असं कोणी मला विचारलं की मी आधी विचारते, कुठला?

पश्चिमेकडच्या जिंकलेल्या देशांत चित्र वेगळं होतं. हॉलंडमध्ये विक्रीचा देखावा टिकवला गेला. अम्स्टरडॅमचे याक खाउडस्टिकर हे बड्या व्यापाऱ्यांपैकी एक. 14 मे 1940 रोजी ते बायको-मुलासह शेवटच्या जहाजांपैकी एकात चढले आणि प्रवासात रात्रीच्या अंधारात जहाजाच्या तळघरात पडून गेले. खिशात एक छोटी काळी वही होती, अकराशेवर चित्रांची अकारविल्हे नोंद असलेली. इकडे दोन महिन्यांत हिटलरचा उजवा हात गोअरिंगने 20 लाख गिल्डरला चित्रांचा साठा घेतला आणि आलोइस मीडल या जर्मन व्यापाऱ्याने साडेपाच लाखांना पेढी घेतली. सह्या कोणाच्या? मागे राहिलेल्या नोकरांच्या. खाउडस्टिकर यांच्या पत्नीने परदेशातून नकार कळवला होता. म्हणजे पावती इथेही आहेच! 2006 मध्ये डच सरकारने 202 चित्रं वारसांना परत केली, आणि त्या कामात ती वही आधाराला होती. याच साठ्यातलं मानलं जाणारं, गिस्लांदीने काढलेलं एका स्त्रीचं चित्र ऑगस्ट 2025 मध्ये अर्जेंटिनात घर विक्रीच्या जाहिरातीतल्या फोटोत सोफ्याच्या वर टांगलेलं दिसलं. माझ्या धंद्यातल्या लोकांना तेव्हापासून परक्यांच्या दिवाणखान्यांचे फोटो मोठे करून बघायची खोड लागलीय.

फ्रान्समध्ये मात्र पावतीचाही सोपस्कार नव्हता. आल्फ्रेड रोझेनबर्ग या नाझी नेत्याच्या नावाचं एक पथक, संक्षेपात ईआरआर, रॉथशिल्ड, डाव्हिद-वेल, कान, सेलिगमान अशा घराण्यांचे संग्रह उचलून पॅरिसच्या जू द पोम संग्रहालयात आणायचं. तिथे फोटो, यादी, मालकाच्या आद्याक्षरांचा शिक्का, मग गोअरिंगची निवड. पथकाच्याच हिशेबाप्रमाणे जुलै 1944 पर्यंत दोनशेहून जास्त संग्रहांतून सुमारे 22 हजार वस्तू नोंदल्या गेल्या. तिथे काम करणाऱ्या रोझ व्हालां या फ्रेंच कर्मचारी बाईंनी कुठला खोका कुठे चाललाय ते गुपचूप टिपून ठेवलं, आणि युद्धानंतर शोध लागला तो बराचसा त्या टिपणांमुळे. लुटारूंनी इतकी व्यवस्थित दप्तरं ठेवली की आज आम्ही त्यांच्याच कार्डांवरून चित्रं ओळखतो.

श्लॉस कुटुंबाच्या संग्रहाची वासलात वेगळीच. डच आणि फ्लेमिश चित्रकारांची 333 चित्रं त्यांनी मध्य फ्रान्समधल्या शांबाँ या हवेलीत लपवली होती. एप्रिल 1943 मध्ये सुगावा लागला. 262 चित्रं हिटलरच्या लिंत्समधल्या नियोजित संग्रहालयासाठी, 49 लूव्हरला, 22 मध्यस्थाला अशी वाटणी झाली. हिटलरची चित्रं म्युनिकला पक्षाच्या इमारतीत ठेवली होती. एप्रिल 1945 च्या अखेरीस, अमेरिकन सैन्य ताबा घेत होतं त्या गोंधळात, जमावाने ती इमारत धुऊन नेली. म्हणजे लुटीच्या मालाची लूट. त्यांतली कितीतरी चित्रं आजही सापडलेली नाहीत. बव्हेरियात 'आजोबांच्या माळ्यावर मिळालं' असं सांगत छोटं डच चित्र पुढे आलं की माझे कान टवकारतात ते याचमुळे.

ही सगळी नावाजलेली घराणी झाली. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंडमधली ज्यूंची सुमारे 70 हजार घरं 1942 पासून 'फर्निचर मोहिमे'खाली रिकामी केली गेली, पलंग आणि भांड्याकुंड्यांसकट. जर्मनीत नोव्हेंबर 1941 च्या हुकमानुसार हद्दपार होणाऱ्याची मालमत्ता सरहद्द ओलांडताक्षणी सरकारजमा होई. गाडीत चढवण्याआधी त्यांच्याकडून 16 पानी फॉर्म भरून घेत: खोलीवार सामान, शर्ट किती, चमचे किती. बर्लिन भागातल्या या फायली पॉट्सडॅमच्या राज्य अभिलेखागारात आहेत. असा फॉर्म वाचताना चित्रांच्या रकान्यात नुसता आकडा सापडतो, चित्रकाराचं नाव नाही, विषय नाही. ही चित्रं कुठल्याच डेटाबेसमध्ये येणार नाहीत, कारण ती ओळखू शकणारं माणूसच उरलं नाही.

मधल्या रंगाच्या गोष्टीही आहेत, आणि तिथे मी ठाम बोलत नाही. कोलोनचे पाउल आणि अलिस लेफमान घर-कारखाना गमावून इटलीत पळाले होते. मुसोलिनीही उलटतोय हे दिसल्यावर जून 1938 मध्ये त्यांनी पिकासोचं 'नट' हे मोठं चित्र विकलं. चित्र स्वित्झर्लंडमध्ये सुखरूप होतं. मिळालेले 12 हजार डॉलर त्यांच्या हाती पडले, त्यावर ते पुढे निसटले. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे, आणि 2019 मध्ये न्यायालयाने वारसांचा दावा उशिराच्या मुद्द्यावर फेटाळला. हिटलर नसता तर त्यांनी ते विकलं नसतं, हे खरं. पैसा मिळाला आणि त्याने जीव वाचला, हेही खरं. मला विचाराल तर याला मी कासिररच्या पंगतीत बसवणार नाही, पण संग्रहालयाने भिंतीवरच्या पाटीत पूर्ण हकीकत लिहावी असं नक्की म्हणेन. माझ्या ओळखीचे काही संशोधक याहून कडक आहेत.

अजून एक वाट फारशी कोणाला माहीत नसते. जे सुटले त्यांनी सामान मोठ्या लाकडी खोक्यांत भरून, वस्तूंची यादी मंजूर करून घेऊन हँबुर्ग किंवा ब्रेमेनच्या बंदरात पाठवलं होतं. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध लागलं, जहाजं थांबली, खोकी तिथेच राहिली. पुढे गेस्टापोने ती फोडून जाहीर लिलावात विकली. ब्रेमरहाफेनच्या सागरी संग्रहालयाने या खोक्यांसाठी 'लॉस्टलिफ्ट' नावाचा डेटाबेस केलाय. मुंबईत निर्वासित होऊन आलेल्यांचे नातलग हे वाचत असतील तर त्यांनी तो जरूर पाहावा. व्हिएन्नाहून आलेले एमॅन्युएल श्लेसिंगर आणि बर्लिनहून आलेले रुडी फॉन लायडन यांनी मुंबईत आरा, हुसेन, रझा यांच्या पाठीशी उभं राहून नवे संग्रह केले, हे आपल्याकडे बऱ्यापैकी ठाऊक आहे. त्या पिढीतल्या इतर निर्वासितांचं कुठलं सामान युरोपातून निघालंच नाही, हे मात्र आपण फारसं विचारलेलं नाही.

आता तुमच्या चित्राकडे येते. लिलावाआधी चित्र बघायला मिळतं त्या दिवशी जा आणि मागची बाजू दाखवायला सांगा. यात संकोच वाटायचं कारण नाही, बरं लिलावगृह स्वतःच दाखवतं. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तिच्या चारही पट्ट्या बघा. छापील लेबलं, शाईचे गोल शिक्के, खडूने किंवा निळ्या पेन्सिलीने लिहिलेले आकडे, चिकटवलेल्या छोट्या नंबरपट्ट्या. जुन्या, काळवंडलेल्या लाकडावर एखादा उजळ चौकोन दिसला तर तिथलं लेबल कोणीतरी काढलंय. ते निष्पापपणेही निघतं, चौकट बदलताना किंवा वाळवी लागल्यावर. पण सगळी लेबलं जाऊन एकच नवं कोरं राहिलेलं असलं तर कारण विचारा.

चार-पाच आकड्यांचा मोठा क्रमांक असेल, काही वेळा अपूर्णांकासारखी तिरपी रेघ देऊन, तर तो म्युनिकच्या संकलन केंद्राचा असू शकतो. युद्धानंतर अमेरिकनांनी ऑल्टाउसेची मिठाची खाण, नॉयश्वानश्टाइनचा किल्ला अशा ठिकाणांहून सापडलेला माल म्युनिकला आणून एकेका वस्तूला क्रमांक दिला आणि कार्ड केलं. तो क्रमांक दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. त्याचा अर्थ एवढाच की चित्र त्या केंद्रातून गेलं. ते तिथून हक्काच्या मालकाला परत मिळालेलंही असेल आणि त्यानेच नंतर विकलेलं असेल. कार्डं ऑनलाइन आहेत, क्रमांकावरून शोधता येतात. उलट बाजूही लक्षात असू द्या. केंद्रांनी माल माणसांना नव्हे, मूळ देशांना परत केला. फ्रान्सकडे सुमारे 61 हजार वस्तू परत आल्या, त्यांतल्या 45 हजारांच्या आसपास मालकांना मिळाल्या, दोनेक हजार संग्रहालयांकडे सांभाळायला राहिल्या, आणि उरलेल्या सरकारने विकून टाकल्या. त्या विकलेल्या वस्तूंच्या पावत्यासुद्धा अगदी रीतसर आहेत.

मग 1938 चा तो लिलाव. इथे तुमचं नशीब चांगलं आहे. त्या काळचे जर्मन लिलाव-कॅटलॉग हायडेलबर्ग विद्यापीठाने मोठ्या प्रमाणावर स्कॅन करून मोफत ठेवलेत. तुमच्या चित्राचा लॉट, म्हणजे लिलावातला क्रमांक, शोधा आणि मग कॅटलॉगच्या सुरुवातीची किंवा शेवटची मालकांची यादी बघा. तिथे बहुधा पूर्ण नाव नसतं, आद्याक्षर आणि गाव असतं, कधी 'अनार्य मालकी' असा शेराही. 1938 मध्ये म्युनिकच्या लिलावांवर आडोल्फ वाइनम्युलरची जवळपास मक्तेदारी होती. त्याच्या आधीचे मातब्बर ह्युगो हेल्बिंग ज्यू होते. त्यांचा धंदा हिरावला गेला, आणि नोव्हेंबर 1938 च्या हिंसाचारात झालेल्या मारहाणीनंतर महिनाअखेरीस ते वारले. वाइनम्युलरच्या लिलावांचे, समासात विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची नावं हाताने लिहिलेले कॅटलॉग 2013 मध्ये त्या धंद्याच्या उत्तराधिकारी लिलावगृहात एका पोलादी कपाटात सापडले. पुढच्या वर्षी त्यांतली माहिती 'लॉस्ट आर्ट' या सरकारी डेटाबेसवर सगळ्यांना खुली झाली. तुमचा लॉट त्यांत असला तर 'बर्लिनमधील खासगी संग्रह' या तीन शब्दांमागचं माणूस अर्ध्या तासात समोर येईल.

जर्मन हस्ताक्षर लागत नसेल तर म्युनिकमध्येच कलेतिहासाची केंद्रीय संस्था आहे, क्योनिगप्लात्सपाशी. तिथल्या ग्रंथालयातले लोक मदत करतात. ती इमारत पूर्वी नाझी पक्षाचं प्रशासकीय कार्यालय होती आणि युद्धानंतर संकलन केंद्राचा भाग. नाव मिळालं आणि मालक बर्लिनचा असला तर पुढचे दोन थांबे म्हणजे पॉट्सडॅमच्या फायली आणि बर्लिनच्या राज्य अभिलेखागारातले युद्धोत्तर भरपाईचे दावे. कुटुंबाने 1950 च्या दशकात या चित्राची तडजोड केलेली असेल, तर तुमचा प्रश्न तिथेच सुटू शकतो. मात्र भरपाई घेतली म्हणजे चित्रावरचा हक्क सोडलाच असं नसतं. लिली कासिरर यांनी 1958 मध्ये जर्मनीकडून 1 लाख 20 हजार मार्क घेतले होते, आणि तरी चित्रावरचा दावा त्यांनी सोडला नाही असंच न्यायालयाने मानलं.

विकणारा तुम्हाला एक प्रमाणपत्रही दाखवेल, 'हरवलेल्या कलाकृतींच्या नोंदणीत आढळले नाही' असं. ते कामाचं आहे, पण त्याचा अर्थ फक्त एवढाच की या चित्राची कोणी नोंद केलेली नाही. 16 पानी फॉर्मवरच्या निनावी चित्रांबद्दल वर लिहिलंच आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते, पुढचं वकिलाला विचारा. नाझींनी लुटलेल्या कलाकृतींबाबतची 1998 ची वॉशिंग्टन तत्त्वं 44 देशांनी मान्य केली, पण ती मुळात नैतिक बांधिलकी आहे आणि जर्मनीत तिचा रोख सरकारी संग्रहालयांवर आहे. खासगी मालकाला ती बांधत नाहीत. जर्मन कायद्यात परत मागण्याच्या हक्काला 30 वर्षांची मुदत आहे, सद्भावनेने दहा वर्षं ताबा ठेवला तर मालकी मिळते, आणि जाहीर लिलावात घेतलेल्या वस्तूला तर त्याहून जास्त संरक्षण आहे. म्हणजे कोर्टात तुम्ही कदाचित सुरक्षित असाल. अडचण येते ती विकायच्या वेळी. मोठी लिलावगृहं 1933 ते 1945 मधली फट भरल्याशिवाय चित्र हातात घेत नाहीत, विमा आणि कर्जाऊ प्रदर्शनं अडतात, आणि अमेरिकेत पाठवलंत तर तिथले नियम लागू होतात.

तेव्हा लिलावगृहाला ईमेल पाठवा, तोंडी विचारू नका. त्यात तीनच गोष्टी मागा: 1938 च्या लिलावाची तारीख आणि लॉट क्रमांक, विकणाऱ्याचं नाव, आणि पैसे कुठल्या खात्यात गेले याचा काही कागद असल्यास त्याची प्रत. तिसरं बहुधा मिळणार नाही, पहिली दोन मिळायलाच हवीत. उत्तर येईपर्यंत बोली लावू नका, अगदी 'राखीव किंमत कमीच आहे' असं ते म्हणाले तरी. मालक ज्यू होता असं निघालं तर त्याचा अर्थ व्यवहार मेला असा होत नाही. वारसांशी बोलून, काही रक्कम देऊन चित्र स्वच्छ करून घेणं आता नेहमीचं झालंय, आणि तो खर्च शक्यतो विकणाऱ्याच्या माथी जावा. मागच्या बाजूचे फोटो मिळाले तर इथे टाका. एक सरळ उजेडात, एक टॉर्च बाजूने तिरपा धरून. पुसट झालेला खडू तिरप्या उजेडातच दिसतो.